आचार्यांविषयी कोणी काय वाचावं

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष आप्पा रोज सकाळी साडेआठला पेपर वाचायला येत आणि साडेनऊला जाताना मला एखादं काम सांगून जात. बहुतेक कामं संध्याकाळपर्यंत तेच विसरत. त्यामुळे मी आधी नुसतं "बरं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तरच कामाला लागायची. एकतीस वर्षांच्या नोकरीत ही युक्ती मला एकदाच नडली, ती या यादीच्या वेळी.

त्या सकाळी आप्पा पेपर लावलेली काठी खुंटीला अडकवत म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्यात पुण्याचे प्राध्यापक येनार हायेत व्याख्यानाला. आचार्यांवर बोलनार. तुमी एक यादी करा. त्या मानसाविषयी कुनी काय वाचावं, पोरांनी काय, मोठ्यांनी काय, अशी."

हे आचार्य म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे सह्याद्रीतले थोर गणिती. त्यांचं नाव शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. पण आमच्याकडे त्या महिन्यात सगळे त्यांना नुसतं 'आचार्य' म्हणू लागले, जसे काही ते वरच्या आळीत राहत होते. म्हणून मीही तेच म्हणते.

"आचार्यच का?" मी विचारलं.

"टीव्हीवर दावलं काल. हिंदीत व्हतं, पन समजलं. पृथ्वी वस्तू वडून घेती, हे त्यांनीच पैलं सांगितलं. आपल्याच मुलखातला मानूस आन आपल्यालाच ठाव न्हाई."

मी "बरं" म्हटलं आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी आप्पांनी काही विचारलं नाही. आठव्या दिवशी त्यांनी छापून आलेली निमंत्रणपत्रिकाच माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यात शेवटी लिहिलं होतं : 'ग्रंथपाल बाईंनी तयार केलेली वाचनयादी सर्वांस मोफत देण्यात येईल.'

आमचं वाचनालय घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शिनोलीच्या जरा अलीकडे. दोन खोल्या, एक व्हरांडा, आठ कपाटं, सरकारी वर्गवारीत 'क' वर्ग. ग्रंथपाल, शिपाई, देवघेव, झाडलोट, सगळं मीच. देवघेव म्हणजे पुस्तक देणं आणि परत घेणं. बाहेरच्या माणसाला वाटतं की ग्रंथपालाचं काम पुस्तकं सांभाळायचं आहे. पुस्तकं कपाटातच असतात, ती कुठे पळून जात नाहीत. वाळवी आणि उंदीर सोडले तर त्यांना कोणी हातही लावत नाही. खरं काम असतं समोरच्या माणसाला काय हवं ते ओळखायचं, कारण वाचक मागतो एक आणि त्याला हवं असतं दुसरंच. बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी पाककृतींचं पुस्तक मागते, पण तिला दुपार जाईल अशी जाडजूड कादंबरी हवी असते. नवा सरपंच भाषणकलेचं पुस्तक मागतो, पण त्याला चार लोकांत उभं राहायची भीती वाटत असते आणि त्यावर पुस्तक नसतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही यादी करताना मी ते पार विसरले.

पंधरा दिवस मी त्या यादीमागे होते. आमच्या कपाटात आचार्यांवर चार पुस्तकं निघाली. घोडेगाव आणि मंचरच्या ओळखीच्या ग्रंथपालांना फोन करून आणखी सात मागवली. लहानांसाठी चित्रांचं एक, त्यात आचार्यांच्या मुलीची गोष्ट. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त पाहायला तळाला बारीक भोक असलेलं घटिकापात्र पाण्यात ठेवलं होतं. वाकून बघताना तिच्या दागिन्यातला मोती त्यात पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला आणि लग्न मोडलं. मग वडिलांनी तिला गणित शिकवलं आणि तिच्यासाठी ग्रंथ लिहिला. दहावीच्या मुलांसाठी हंस, भुंगे, मोर यांची उदाहरणं सोप्या मराठीत सोडवून दाखवणारं एक. मोठ्यांसाठी चरित्र. शिक्षकांसाठी संस्कृत श्लोक आणि खाली मराठी अर्थ असलेलं जाडं पुस्तक, ज्याचं वजन पायलीभर ज्वारीएवढं भरेल. अभ्यासकांसाठी खगोलावरचं. वयोगट पाडले, रकाने आखले, शेजारी पानांची संख्या लिहिली. आप्पांनी घोडेगावातून शंभर प्रती काढून आणल्या. एक दर्शनी भिंतीवर लावली.

सगळ्यांनी ती पाहिली आणि 'छान केलीय' म्हणाले. दहा दिवसांत त्यातलं एकही पुस्तक कोणी नेलं नाही.

नाही म्हणायला दोघं येऊन गेले. एक होते आमच्या माहेरच्या आणे पठारावरचे कीर्तनकार बुवा. या बाजूला कीर्तनाला आले होते. त्यांनी उभ्या उभ्या मोत्याची गोष्ट वाचली आणि वहीत उतरवून घेतली. मी म्हटलं, "बुवा, एवढं सांगा लोकांना, की ही गोष्ट फार नंतरची आहे. अभ्यासक म्हणतात, याला पुरावा नाही."

बुवा वही मिटत म्हणाले, "बाई, कीर्तनाला पुरावा लागत नाही, चाल लागते."

दुसरा एक तरुण शिक्षक. त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "मॅडम, यातलं सगळ्यात पातळ कोणतं?" मी चित्रांचं पुस्तक दाखवलं. तो म्हणाला, "याहून?"

तर अशा मूडमध्ये मी बसले असताना सुनंदा आली. तिच्या बाबतीत मी चुकले.

सुनंदा डोंगराकडच्या वाडीची. उताराच्या हलक्या, वरकस जमिनीवर भात आणि नाचणी करणारं घर. बारावी सायन्सला चांगले गुण होते, पण पुढे शिकवायच्या ऐवजी घरच्यांनी लग्न ठरवलं. साखरपुडा झाला, आणि दोन महिन्यांनी मुलाकडच्यांनी मोडला. कारण काय सांगितलं ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारलं नाही. घरी बसलं की बायका सांत्वनाला येतात, म्हणून ती रोज सकाळी एसटीने खाली येऊन आमच्या वाचनकक्षात बसायची. पेपर वाचायची, कोडी सोडवायची आणि दुपारच्या गाडीने परत जायची. कोणाशी बोलायची नाही.

मला वाटलं, हिला काहीतरी द्यावं. आणि माझ्या डोक्यात तेव्हा यादीशिवाय दुसरं काही नव्हतं. मी कपाटातून ते चित्रांचं पुस्तक काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. "वाच, छोटंसंच आहे," म्हटलं.

पुस्तक तिच्या हातात गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की लग्न मोडलेल्या मुलीला मी लग्न मोडलेल्या मुलीची गोष्ट दिली आहे. पण तोपर्यंत ती पुस्तक पिशवीत घालून गाडीला निघाली होती. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही. एकतीस वर्षांत चुकीची पुस्तकं मी पुष्कळ दिली असतील, पण देतानाच चूक कळली अशी ही एकच.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी ती व्हरांड्यात उभी होती. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, लगीन मोडल्यावर बापानं तिला गनित शिकवलं, असं हाय ना ह्यात?"

"हो गं. माझं जरा चुकलंच, मी तुला ते..."

"चुकलं न्हाई. मला एवडंच इचारायचंय, पुढं तिनं त्या गनिताचं काय केलं?"

मी म्हटलं, "पुढचं लिहिलेलं नाही."

"मग हे आरदंच पुस्तक हाय," ती म्हणाली. "आरदं पुस्तक यादीत कशाला घातलं?"

मला राग यायला हवा होता, पण हायसं वाटलं. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा एवढं बोलली होती. मी तिला चरित्र दिलं, मग श्लोकांचं जाडं पुस्तक दिलं. दोघींनी मिळून शोधलं. मंचरच्या ग्रंथपालांनाही विचारलं. पण मुलीचं पुढे काय झालं ते कुठेही नव्हतं. मात्र त्या शोधात सुनंदा ग्रंथाच्या गणितात शिरली. कोड्यांऐवजी ती आता आचार्यांची उदाहरणं सोडवू लागली. कधी कधी मान वर न करता म्हणायची, "ह्ये लई भारी केलंय बाई ह्यांनी." मी समजल्यासारखी मान हलवायची. माझा आणि गणिताचा संबंध कपाटातल्या त्याच्या क्रमांकापुरता.

व्याख्यानाच्या आधीच्या आठवड्यात महाळुंगे पडवळचे बबनभाऊ आले. पन्नाशीचे, उंच, आवाज शेतात हाक मारायची सवय झालेला. त्यांची सासुरवाडी आमच्या गावची, म्हणून ओळख. कधी पुस्तक नेलेलं मला आठवत नव्हतं.

"बाई, जमिनीच्या कायद्याचं पुस्तक हाय का? बांध सरकवला तर काय व्हतं, ते लिव्हलेलं पायजे."

"कोणी सरकवलाय?"

"कुनी न्हाई अजून. सोमवारी मी सरकवनार हाय. ट्रॅक्टर सांगून ठिवलाय."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. बबनभाऊ आणि धाकटा भाऊ किसन. वडिलांनी हयातीतच मधे बांध घालून वावराचे दोन भाग केले होते. बबनभाऊ शेती करतात, किसन चाकणला कंपनीत आहे आणि सुट्टीला येऊन शेती बघतो. दोन वर्षांपूर्वी बबनभाऊंनी सहज म्हणून दोन्ही तुकडे टेपने मोजले. गावाकडे मोजायची रीत ठरलेली आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. त्या हिशेबाने बबनभाऊंचा तुकडा निघाला साडेसत्तावीस गुंठे आणि किसनचा सव्वाएकोणतीस. पावणेदोन गुंठे जास्त. बबनभाऊ म्हणाले, अर्धं इकडे दे. किसन म्हणाला, वडिलांनी दिलंय ते दिलंय. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. दिवाळीला एकाच अंगणात दोन वेगवेगळे किल्ले झाले होते.

"सरकारी मोजणी मागवा ना," मी म्हटलं.

"कवा येनार ती? आन आली तरी काय येगळं सांगनार? चारी बाजू मी स्वता मोजल्यात. टेप काय खोटं बोलतो का?"

मी कायद्याच्या पुस्तकासाठी उठले. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून सुनंदा म्हणाली, "भाऊ, तिरकं माप घेतलं व्हतं का?"

बबनभाऊंनी वळून पाहिलं. "कसलं तिरकं?"

"एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापोत्तर."

"त्याची काय गरज? शेताला बाजू चारच असत्यात."

सुनंदा उठली. खुंटीवरच्या पेपरच्या काठ्यांतून चार काढल्या, पेपर सोडवून माझ्या टेबलावर ठेवले आणि काठ्यांची टोकं सुतळीने एकमेकांना बांधली. झाली चौकट. ती जमिनीवर ठेवली. मग एका कोपऱ्याला हात लावून तिने ती सावकाश कलती केली. चौकट तिरकी होत गेली, आणखी तिरकी होत गेली, आणि शेवटी चारी काठ्या एकमेकींना चिकटून पडल्या.

"भाऊ, काठ्या त्याच हायेत. लांबी बदलली का?"

"न्हाई."

"आन आतली जागा?"

बबनभाऊ खुर्चीतून उतरून जमिनीवर उकिडवे बसले. त्यांनी स्वतःच्या हाताने ती चौकट दोनदा उघडली आणि दोनदा मिटवली. मग मला विचारलं, "ह्ये कुनी काढलं?"

"आचार्यांनी," सुनंदाच म्हणाली. "नुसत्या चार बाजू सांगून क्षेत्रफळ इचारायचं नसतं, असं ग्रंथात सोच्छ सांगितलंय. आन तुमच्या भावाचं वावर चौकोनी हाय का तिरकं?"

"तिरकं. वढ्याच्या कडंनं गेलंय." हे म्हणताना त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

रविवारी मी वाचनालय बंद ठेवून सुनंदाबरोबर महाळुंगे पडवळला गेले. ग्रंथपालाच्या कामात हे बसत नाही. पण सोमवारचा ट्रॅक्टर रद्द झालेला नव्हता, फक्त थांबवलेला होता. किसनला मी फोन करून बोलावलं होतं. तो आला, पण बांधापलीकडे उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात मोबाईल. मोठ्या भावाकडे बघायचं टाळून तो मला म्हणाला, "बाई, हे आता लायब्रीतून पन माप काढायला लागले का?"

"यात माझं काही नाही," मी म्हटलं. "हिला विचार."

किसनच्या वावरातला हरभरा निघाला होता, त्यामुळे तिकडचं माप सोपं गेलं. टेपचं एक टोक बबनभाऊंनी धरलं. दुसरं कोणी धरायचं? मी पुढे झाले, तर सुनंदा म्हणाली, "बाई, तुमी नका. वावर ज्याचं त्यानं धरावं." किसनने मोबाईल खिशात घातला आणि टोक उचललं. दोन वर्षांनी दोघं भाऊ एका टेपची दोन टोकं धरून उभे राहिले. मी मुद्दामच ओढ्याकडे बघत राहिले.

बबनभाऊंच्या तुकड्यात कांदा उभा होता. त्यातून तिरकं जायचं म्हणजे पाती मोडणार. ते वाफ्याच्या कडेने अलगद पाय टाकत, टेप डोक्यावर उंच धरून असे चालले, की पलीकडून किसनला हसू फुटलं. पण त्याने ते खोकल्यात दडवलं.

तिरकं माप घेतलं की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. त्रिकोणाची गंमत अशी, की त्याच्या तीन बाजू एकदा ठरल्या की तो कलता होत नाही, त्याचं क्षेत्रफळ पक्कं असतं. एवढं मला आता समजतं. सुनंदाने बांधावर बसून वहीत चार त्रिकोण मांडले. वर्गमूळ काढायला तेवढा किसनचा मोबाईल घेतला. आम्ही तिघं तिच्याभोवती उभे. तिने एकदा उत्तर काढलं, कोणाला न सांगता पुन्हा पहिल्यापासून मांडलं आणि मग म्हणाली, "बबनभाऊंचं साडेसत्तावीस, पैल्यासारखंच. कोपरे सरळ हायेत म्हनून फरक न्हाई पडला. किसनभाऊंचं साडेसव्वीस."

किसनने वही स्वतःकडे वळवून आकडा बघितला.

"म्हंजे," बबनभाऊ सावकाश म्हणाले, "माज्याकडंच गुंठाभर जादा?"

"हो."

"परत कर."

तिने तिसऱ्यांदा केलं. बबनभाऊंनी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून ते बघितलं. साडेसव्वीसच. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. दोन वर्षं ज्या न्यायासाठी त्यांनी अबोला धरला, तो न्याय आता त्यांच्याकडेच तोंड करून उभा होता. मला वाटलं, आता हे म्हणणार, पोरीचं गणित चुकलं. किंवा आता किसन दोन वर्षांचं सगळं काढणार.

किसन म्हणाला, "दादा, मग सोमवारी ट्रॅक्टर आनतोस ना?"

बबनभाऊंनी त्याच्याकडे बघितलं. किसनचा चेहरा गंभीर होता, पण फार वेळ नाही. आधी तो हसला आणि मग बबनभाऊ हसले, ते असे की ओढ्यापलीकडच्या वावरातली माणसं कामं सोडून बघायला लागली. मी आणि सुनंदाही हसत होतो. का ते सांगता येणार नाही.

बांध हलला नाही. किसन म्हणाला, वडिलांनी घातलाय, राहू दे. पण बबनभाऊ ऐकेनात. शेवटी ठरलं, की सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीत किसनला आठवड्याला दोन तास जास्त. मी दोघांना बजावलं, की हे माप घरगुती आहे, सरकारी कागदावर चालायचं नाही. बबनभाऊ म्हणाले, "आमाला कुटं कागदावर चालवायचंय? आमाला चुलीपोत्तर चालवायचं व्हतं." त्या दुपारी आम्ही दोन्ही घरी जेवलो. एका घरी जेवून दुसऱ्या घरी नाही म्हणायची सोय नव्हती.

परतीच्या गाडीत सुनंदा खिडकीपाशी बसली होती. मी विचारलं, "हे सगळं तू आधी केलं होतंस कधी?"

"वहीत केलं व्हतं. वावरात पैल्यांदाच." मग म्हणाली, "म्हनून न सांगता दोनदा मांडलं बाई. आकडा चुकला असता तर दोगं जलमभर नसते बोलले."

सोमवारी मी भिंतीवरची यादी काढली. वयोगटांची ती यादी आता मलाच कशीशी वाटायला लागली होती. वय सारखं म्हणून दोन माणसांना एकच पुस्तक चालत नाही, हे मी रोज बघत होते आणि कागदावर नेमकं उलट लिहून ठेवलं होतं. नव्या यादीत रकाने नव्हते. 'ज्यांना वावर मोजायचं आहे त्यांनी जाड पुस्तकातला क्षेत्रफळाचा भाग वाचावा. संस्कृत सोडून द्यावं, मराठी पुरेसं आहे.' 'ज्यांना कीर्तनात सांगायचं आहे त्यांनी मोत्याची गोष्ट घ्यावी, पण ती गोष्ट आहे हे मनात ठेवावं.' 'ज्यांना वेळ नाही त्यांनी रोज एक उदाहरण वाचावं, उत्तर दुसऱ्या दिवशी बघावं.' 'ज्यांना टीव्हीवरचं पटलं आहे त्यांनी चरित्र शेवटपर्यंत वाचावं.'

ही शेवटची ओळ आप्पांसाठी होती. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे बघितलं आणि चरित्र घेऊन गेले. चार दिवसांत वाचून आणलं.

"बाई, ह्यात तर लिव्हलंय, की त्यांनी आदीच्या लोकांचं पन बरंच घेतलं. चुका बी दावल्या, पन घेतलं."

"मग? वाईट वाटलं का?"

"वाईट कशाला? म्हंजे त्यो बी आपल्यासारका वाचनालयात जात असनार."

व्याख्यानाच्या दिवशी प्राध्यापक चाकणच्या वाहतुकीत अडकून दीड तास उशिरा आले. व्हरांडा भरून लोक बाहेर रस्त्यापर्यंत बसले होते. बबनभाऊ आणि किसन एकाच मोटारसायकलवरून आले होते. प्राध्यापक चांगले बोलले, पण श्लोक बरेच म्हणाले. लोकांची चुळबुळ सुरू झाली. आप्पांनी पृथ्वीच्या ओढीचं विचारलं. प्राध्यापकांनी शांतपणे सांगितलं, की पृथ्वी वस्तू ओढते हे आचार्यांनी लिहिलं आहे हे खरं, पण ती किती ओढते याचं गणित फार पुढे, दुसरीकडे झालं. त्यामुळे आचार्यांना काही कमीपणा येत नाही. आप्पांनी मान हलवली. महिन्यापूर्वीचे आप्पा असते तर व्याख्यान तिथेच संपलं असतं.

मग बबनभाऊ उठले. त्यांना माईक लागत नव्हता. त्यांनी सगळी हकिगत सांगितली, स्वतःची फजिती आधी आणि सविस्तर. प्राध्यापक टिपणं बाजूला ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मी वीस वर्षं हे शिकवतोय. त्याने दोन भाऊ बोलायला लागल्याचं आजच ऐकलं. हे मोजलं कोणी?"

सगळे मागे वळले. सुनंदा दारापाशी बायकांत बसली होती. तिला उठावंच लागलं.

प्राध्यापकांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"काय न्हाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला एक इचारायचंय. आचार्यांनी मुलीला गनित शिकवलं म्हनत्यात. तिनं पुढं काय केलं?"

प्राध्यापकांनी डोळ्यावरचा चष्मा काढला. "खरं सांगू? माहीत नाही. मुलगी होती की नव्हती, याचाही पुरावा नाही. मला हे आजवर कोणी विचारलेलंच नव्हतं, आणि मीही कधी शोधलं नाही."

कार्यक्रमानंतर ते चहा घेताना बराच वेळ तिच्याशी बोलत होते. काय बोलले ते मी ऐकलं नाही, खुर्च्या मोजत होते. एवढं कळलं, की सर्व्हेअरचा एक कोर्स असतो, त्याला बारावीचं गणित पुरतं आणि प्रवेश जूनमध्ये असतो. तिच्या वडिलांना समजवायला आप्पा स्वतः बबनभाऊंना घेऊन वाडीवर गेले. गुडघे दुखत असताना तो चढ चढले. तिथे ते काय म्हणाले ते नंतर बबनभाऊंकडून कळलं. म्हणाले होते, "पोरगी एका महिन्यात माज्या वाचनालयातलं सगळं गनित संपवून बसली. आता तिला पुढं धाडा, न्हाईतर मला नवी पुस्तकं घ्यावी लागतील."

सुनंदा आता जुन्नर तालुक्यात सरकारी मोजणी करते. आणे पठारापर्यंत फिरते. तिच्याकडे तिपाईवरचं यंत्र आहे, उपग्रहाकडून माप घेणारं. त्याला चार बाजू सांगाव्या लागत नाहीत आणि तिरकंही काही सांगावं लागत नाही. भांडणारे भाऊ मात्र अजून तसेच असतात, असं ती सांगते. त्यांच्यासाठी यंत्र निघालेलं नाही.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या महिन्यात एका शनिवारी ती गाडी थांबवून वाचनालयात आली. पायात बूट, गळ्यात ओळखपत्र, उन्हाने चेहरा रापलेला. मी कौतुकाने नवीन आलेलं एक पुस्तक पुढे केलं. आचार्यांच्या वेळच्या मोजमापांवरचं, तिच्यासाठीच मागवून घेतलं होतं.

तिने ते उघडलंसुद्धा नाही. "बाई, रागावू नका. दिवसभर तेच करते. एखादी हसायची कादंबरी असली तर द्या."

मी कपाटाच्या वरच्या फळीवरची एक काढून दिली. चौथ्या दिवशी तिने ती परत आणली, तेव्हा पानोपानी मातीची बोटं उमटलेली होती. बांधावर बसून, जेवता जेवता वाचली असणार. पुस्तक खराब केलं म्हणून नियमाप्रमाणे मी तिला बोलायला हवं होतं. मी पुस्तक परतीच्या ढिगात ठेवलं आणि विचारलं, "दुसरा भाग देऊ?"